गवतातले दोन खळगे

१

लोणावळ्याच्या एका हॉटेलात सुषमा सात वर्षं खोल्या आवरत होती, आणि एवढ्या काळात तिला पलंग वाचता यायला लागला होता. पाहुणे गेल्यावर चादरीकडे एकदा बघितलं की तिला कळायचं, भिंतीकडे कोण झोपलं, आधी कोण उठलं, रात्री दोघांचं वाजलं की नाही. वाजलं असेल तर पलंगाच्या मधोमध न चुरगळलेला एक पट्टा राहतो. नव्यानव्या जोडप्यांचा दोघांत मिळून एकच खळगा असतो. एकांत शोधत आलेली ही माणसं अकराला खोली सोडायची आणि बाराच्या आत सुषमाला त्यांचा सगळा मजकूर पुसून टाकावा लागायचा. बाही कोपरापर्यंत दोनदा दुमडायची, तळहाताने मधून कडेकडे चार हात मारायचे, उशी दोन्ही बाजूंनी थोपटायची. इथे कधी कुणी आलंच नव्हतं, असं पुढच्या गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे.

दार उघडायचाही नियम होता. बोटाच्या पेराने तीनदा टकटक करायचं, दोनदा लागोपाठ आणि तिसऱ्यांदा जरा थांबून. आतून ‘नंतर या’ असं आलं की गुपचूप ट्रॉली पुढे ढकलायची. मग मालकाचीसुद्धा ते दार उघडायची छाती नव्हती. उत्तर आलं नाही, तर खोली रिकामी समजून आत शिरायचं आणि कामाला लागायचं.

दुसऱ्यांच्या एकांताची अशी बडदास्त ठेवणाऱ्या सुषमाच्या स्वतःच्या घरात मात्र एकांत औषधालाही नव्हता. नवलाख उंबरे गावात दोन खोल्या. आतल्या खोलीत मोठा दीर अमृत, त्याची बायको आणि दोन मुलं. बाहेरच्या खोलीत एका बाजूला सासूबाई शालूबाई, दुसऱ्या बाजूला सुषमा आणि तिचा नवरा गौरव, आणि मध्ये दोरीवर टाकलेली जुनी साडी. साडीपलीकडून शालूबाई खोकल्या की अलीकडचं बोलणं आपोआप थांबायचं. दोन्ही घरांच्या नाकावर टिच्चून, सात वर्षांपूर्वी कचेरीत सह्या करून दोघांनी लग्न केलं होतं. पण तेव्हा जगाशी भांडून मिळवलेला नवरा आता तिला आठवड्यातून एकदाच धड भेटायचा. त्याच्या कारखान्याला गुरुवारी सुट्टी असायची, म्हणून सुषमानेही सुपरवायझरच्या मागे लागून गुरुवार मागून घेतला होता. त्या दिवशी थर्मासमध्ये चहा भरायचा, मोटारसायकल काढायची आणि पाण्याकाठी कुठेतरी जाऊन बसायचं. घरात ती त्याला ‘अहो’ म्हणायची. पाणी दिसलं की ‘अरे’ सुरू व्हायचं.

२

पवना धरणाच्या काठी शांत जागा शोधणं म्हणजे काही सोपं काम राहिलेलं नाही. जिथे बघावं तिथे तंबू, तंबूंपुढे गाणी, आणि गाण्यांपुढे फोटो काढणारी गर्दी. ही दोघं म्हणून गाडीच्या चाकाच्या खुणा संपतात तिथून पुढे पायी जायची. भाद्रपद सरता सरता त्यांना बेडश्याच्या बाजूला, करवंदीच्या जाळीमागे, पाण्याकडे उतरणारा एक गवताळ टप्पा सापडला. कमरेएवढं गवत, अधूनमधून सोनकी, आणि समोर पाणी. दोघं दुपारभर तिथे पडून राहिली. सासूबाईंचा खोकला नाही, काही नाही. सात वर्षांत साठलेलं कितीतरी बोलणं तिने त्या दुपारी बोलून घेतलं आणि एकदा उगीचच रडूनही घेतलं.

उठल्यावर गवतात दोन खळगे पडलेले दिसले. एक लांब आणि खोल, तो गौरवचा. दुसरा आखूड, कुशीवर वळलेला, तो तिचा. गौरव डावरा असल्यामुळे थर्मास नेहमी त्याच्या डाव्या हाताला असायचा, तर तिथे थर्मासच्या बुडाचा गोल ठसाही होता. तो पायाने गवत सारखं करायला लागला, तेव्हा सुषमाने त्याला अडवलं. रोज दुसऱ्यांचे खळगे पुसते, आपले तरी राहू देत, असं ती म्हणाली.

हे सगळं वरच्या वाडीतली भामाबाई म्हशींमागे उभी राहून बघत होती. काठीवर हनुवटी टेकलेली, सुरकुतलेली, पण नजर तिखट. तिला ते आवडलं नाही.

“उठताना जागा मोडावी पोरी,” ती म्हणाली. “आमी रानात घटकाभर टेकलो तरी गवताव हात फिरवल्याबिगर उठत न्हाई. आपलं आपुन मोडावं.”

“नाही मोडलं तर काय होतं, मावशी?”

“तुमी न्हाई मोडलं तर दुसरं कुनीतरी मोडतंय.”

सुषमा हसली. टाकव्याच्या तिच्या माहेरातून अंगारेधुपारे आणि नवससायास छप्पन सालच्या दीक्षेबरोबरच उंबऱ्याबाहेर गेले होते. शिवाय कुणी ‘करू नको’ म्हटलं की ती गोष्ट करायचीच, हा तिचा जन्माचा स्वभाव होता. तसा तो नसता तर लग्नही झालं नसतं. तिने खळगे तसेच ठेवले, आणि जाताना एकदा वळून अभिमानाने बघूनही घेतलं.

३

पुढच्या गुरुवारी ती दोघं मुद्दाम उलट दिशेला, टाकवे बुद्रुकच्याही पुढे, दुसऱ्याच धरणाच्या काठाला गेली. बांध उतरून, ओढा ओलांडून, काटे काढत एका निवांत जागी पोचली, तर गवतात आधीच दोन खळगे होते.

आपल्याआधी कुणीतरी जोडपं येऊन गेलं असणार, असं गौरव म्हणाला. साधी गोष्ट होती. एकांत हवा असणारी माणसं काय तेवढी दोघंच होती? सुषमाने मान डोलवली, पण तिचे डोळे कामाला लागले होते. एक लांब आणि खोल. दुसरा आखूड, कुशीवर वळलेला. लांब खळग्याच्या डाव्या हाताला थर्मासच्या बुडाएवढा गोल.

डावरी माणसं जगात पुष्कळ असतात, असं तिने स्वतःला बजावलं. थर्मासही पुष्कळांकडे असतात. दोघं त्या जागेपासून वीस पावलांवर बसली आणि चहा पिऊन लवकर निघाली.

त्याच्या पुढच्या गुरुवारी तिने जागा ठरवलीच नाही. दोन फाटे आले तेव्हा डावीकडे वळ म्हणाली, वळल्यावर उजवीकडे घे म्हणाली, आणि मनात आलं तिथे गाडी थांबवायला लावली. गौरव वैतागून हसला. गवतातून पाण्यापर्यंत गेलेली एकही वाट नव्हती, एक काडीसुद्धा मोडलेली नव्हती. आणि पाण्याच्या कडेला दोन खळगे त्यांची वाट बघत होते. सुषमाने वाकून आखूड खळग्यात हात घातला. तो उबदार होता. ऊन पडलंय, ऊबच असणार, असं ती मोठ्याने म्हणाली. दिवस ढगाळ होता हे गौरवच्या लक्षात आलं नाही, आणि तिने ते लक्षात आणून दिलं नाही.

“बरंच झालं,” तो म्हणाला, “आयता बिछाना मिळाला.” आणि तो सरळ त्या लांब खळग्यात आडवा झाला. खांदा खांद्याच्या जागी बसला, टाच टाचेच्या. आता मागे सरणं म्हणजे घाबरलो असं कबूल करणं होतं, आणि ते सुषमाला जमणारं नव्हतं. तीही शेजारच्या खळग्यात आडवी झाली. गवत तिच्या कमरेला, कोपराला बरोबर लागलं.

दुपारचा एक वाजला असेल. गौरवला डुलकी लागली होती. तेवढ्यात मागून कुठूनतरी आवाज आला. टक टक. आणि जरा थांबून, टक.

सुषमाचे डोळे उघडले. मागे झाड नव्हतं, दार तर नव्हतंच. गौरव झोपेतच पुटपुटला की सुतारपक्षी असेल. सुतारपक्षी असा मोजून थांबत नाही, हे तिला माहीत होतं. रोज पंचवीस दारांवर ती हेच वाजवत आली होती. त्याचं उत्तरही तिला पाठ होतं. पण उघड्या माळावर, कुणी नसताना, उत्तर द्यायची तिला लाज वाटली. ती गप्प राहिली.

४

शुक्रवारी पहाटे तिने नेहमीप्रमाणे अंथरूण काढलं. गौरव कामावर निघून गेला होता. त्याच्या उशीवर खळगा नव्हता. उशी दोन्ही बाजूंनी थोपटून ठेवलेली होती आणि त्याच्या बाजूची चादर मधून कडेकडे सपाट ओढलेली होती. त्यानेच आवरलं असेल, असं तिने मनाशी म्हटलं. सात वर्षांत त्याने एकदाही चादर आवरली नव्हती.

संध्याकाळी तो सांगत आला की कारखान्यातलं हजेरीचं यंत्र त्याच्या अंगठ्याचा ठसा घेत नाही. त्यात विशेष काही नव्हतं. तेलात हात असणाऱ्या निम्म्या लोकांचे ठसे झिजतात. शनिवारी कंपनीची बस त्याच्यासाठी थांबलीच नाही. ड्रायव्हर म्हणाला, थांब्यावर कुणी दिसलं नाही. यातही काही विशेष नाही, पहाटे धुकं असतं. सुषमा एकेक गोष्ट अशी उचलून जागच्या जागी ठेवत होती.

सोमवारी जेवायला शालूबाईंनी ताटं मांडली. अमृतचं, त्याच्या बायकोचं, मुलांची, स्वतःचं, आणि ज्या सुनेचं नाव त्या फारसं घेत नसत त्या सुनेचंही. गौरव पाटावर बसून वाट बघत राहिला. सुषमाने उठून त्याचं ताट वाढलं, तेव्हा शालूबाई बुचकळ्यात पडल्या.

“हे कुणाला गं?” त्यांनी विचारलं.

त्यांच्या आवाजात खवचटपणा नव्हता. या बाईने मुलासाठी तिच्याशी सात वर्षं वैर धरलं होतं. मग त्यांनी गौरवकडे नीट बघितलं, कपाळावर हात मारला आणि वयाला दोष दिला. गौरव हसला आणि जेवला.  रात्रभर सुषमा त्याचं मनगट धरून पडून राहिली. मनगट उबदार होतं, नाडी चालू होती, आणि सकाळी उशी पुन्हा सपाट होती.

तिने कुणाला विचारलं नाही, अंगारा आणला नाही. तिला फार भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त राग येत होता. कुणीतरी तिचंच काम तिच्याच पद्धतीने तिच्या नवऱ्यावर करत होतं.

५

गुरुवारी गौरवला कुठे जायचं नव्हतं. अंगात त्राण नाही म्हणाला. सुषमाने त्याला उठवून शर्ट घालायला लावला, थर्मास भरला आणि गाडी स्वतः चालवायला घेतली. आज नवीन जागा शोधायची नव्हती. जिथून सुरुवात झाली तिथेच जायचं होतं.

बेडश्याच्या खाली, गाडी लावतात तिथेच भामाबाई म्हशी घेऊन उभी होती. तिने सुषमाला ओळखलं.

“आज एकलीच आलीस व्हय?”

गौरव सुषमाच्या शेजारी, हाताच्या अंतरावर उभा होता. त्याने भामाबाईला नमस्कार केला. तिने तो घेतला नाही. तिची नजर त्याच्यातून पलीकडच्या म्हशीवर गेली आणि परत सुषमावर आली. गौरवचे जोडलेले हात तसेच राहिले, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडावरचं हसू गेलं.

“एकटी नाही, मावशी,” सुषमा म्हणाली. “आम्ही दोघं आहोत.”

भामाबाईने डोळे बारीक केले, बराच वेळ बघितलं. मग ती हळूच म्हणाली, “आसशील बाई. मंग दोघं हाय म्हनतच ऱ्हा,” आणि म्हशींना घेऊन भराभर वर निघून गेली.

सुषमाने गौरवचा हात धरला आणि करवंदीच्या जाळीतून वाट काढली. गवताचा टप्पा दिसला, आणि ती जागच्या जागी थांबली.

खाली, त्यांच्या जागेवर, पाठमोरं कुणीतरी वाकलेलं होतं. एवढंच दिसलं की बाही कोपरापर्यंत दोनदा दुमडलेली होती आणि तळहात गवतावरून मधून कडेकडे फिरत होता. एक हात, दोन, तीन, चार. हात जाईल तसं खालचं गवत सरळ उठत होतं. काम निगुतीने चाललं होतं, घाई नव्हती. मग वाऱ्याची झुळूक आली, गवत एकदा आडवं झालं आणि उभं राहिलं, तेव्हा तिथे कुणी नव्हतं.

“काय झालं?” गौरवने विचारलं. त्याने काही पाहिलं नव्हतं.

ती खाली उतरली. तीन आठवड्यांपूर्वीचा तिचा खळगा तसाच होता, आखूड, कुशीवर वळलेला. त्याच्या शेजारी लांब खळग्याच्या जागी कमरेएवढं गवत होतं. थर्मासचा गोलही नव्हता. एक बाजू आवरून झाली होती, एक राहिली होती.

गौरव तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला आणि मग थकून तिथेच, आपल्या जुन्या जागेवर, मटकन खाली बसला. गवत दबलं नाही. त्याच्या मांड्यांमधून, गुडघ्यांच्या बाजूंनी काड्या सरळ वर आल्या आणि वाऱ्यावर हलत राहिल्या. त्यानेही ते पाहिलं. हाताने एक काडी दाबायचा प्रयत्न केला. काडी हलली नाही.

“सुषमा,” तो म्हणाला, “मला काहीच जड वाटत नाहीये गं.”

६

त्या क्षणी पळून जावं असं तिला वाटलं नाही, असं नाही. पाय वळलेही होते. पण पळून जायचं कुठे? त्या दोन खोल्यांत, जिथे त्याचं ताट कुणी मांडत नव्हतं? तिने त्याच्या दंडाला धरलं आणि ओढत आपल्या खळग्यात आणलं. जागा एकाची होती, तीही आखूड. ती बसली, त्याला आपल्यासमोर घेतलं, पाय त्याच्या पायांवर टाकले आणि दोन्ही हातांनी कमरेला मिठी घातली. तो खरंच हलका लागत होता. वाळत घातलेल्या कपड्याएवढा.

“अरे, इथेच बस,” ती म्हणाली. “माझ्या जागेत. मावशील तू.”

“किती वेळ?”

“मी सांगेपर्यंत.”

पाणी शांत होतं. पलीकडच्या काठाला तंबूंची रांग दिसत होती, पण तिथल्या गाण्यांचा आवाज इथे पोचत नव्हता. पक्षी बोलत नव्हते. हीच शांतता शोधत दोघं महिनाभर वणवण फिरली होती, आणि आता कुणीतरी खोकलं तरी बरं, असं सुषमाला झालं. शालूबाईसुद्धा चालल्या असत्या.

टक टक.

तिच्या मानेच्या अगदी मागे. वळून बघायचं नाही, हे तिने ठरवून टाकलं. दाराकडे गिऱ्हाईक कधी वळून बघत नाही. ते आपल्या पलंगावरूनच बोलतं.

टक.

गौरवचं अंग तिच्या हातांत आणखी हलकं झालं. सुषमाने श्वास घेतला. मागच्या वेळी ती लाजली होती. आज ती लाजली नाही.

“आम्ही आहोत आत,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “दोघं आहोत. नंतर या.”

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग गवतातून काहीतरी ढकलत नेल्यासारखा आवाज आला. त्याचं एक चाक करकरत होतं. आवाज करवंदीच्या जाळीपर्यंत गेला आणि थांबला. ‘नंतर या’ म्हटलेल्या खोलीकडे परत जावंच लागतं, हे सुषमाइतकं कुणाला ठाऊक असणार? जाळीपलीकडे कुणीतरी हात बांधून उभं होतं आणि त्याला दिवसभर दुसरं काम नव्हतं.

तिने खाली बघितलं. गौरवच्या टाचेखाली गवताच्या तीन काड्या वाकल्या होत्या. तिने पुन्हा मोजल्या. तीनच, पण वाकलेल्या.

“चहा ओत,” ती म्हणाली. “आणि थर्मास डावीकडे ठेव, नेहमीसारखा.”

गौरवने चहा ओतला. दोन थेंब तिच्या मनगटावर सांडले आणि चटका बसला. तिने ते पुसले नाहीत. उठायची वेळ येईल तेव्हा ही जागा आपल्या दोघांच्या हातांनी, एकेक काडी सारखी करून, आपण मोडायची, असं तिने त्याला सांगितलं. आधी पुरती बसून घेऊ, मग मोडू. घाई कसली आहे? तो हो म्हणाला. त्याचा आवाज जवळून आल्यासारखा वाटला. टाचेखालच्या काड्या आता पाच झाल्या होत्या.

जाळीकडून चाक पुन्हा करकरलं. या वेळी ते सावकाश आलं नाही. पाठीमागे येऊन थांबलं, आणि टक टक झालं, आणि जरा थांबून, आधीपेक्षा जोरात, टक.

सुषमा ओरडली नाही. सात वर्षांत ज्याच्यापुढे तिला हात टेकावे लागले होते, त्या सगळ्यात अडेल गिऱ्हाइकाच्या थाटात तिने चहाचा घोट घेतला, पेला गुडघ्यावर टेकवला आणि मागे न बघता म्हणाली,

“सांगितलं ना एकदा. आम्ही अजून उठलेलो नाही.”